रेगचा आवाज चेरीच्या झाडावर

...नाही, पण मला एक सांगा, आवरणं हा गुन्हा आहे का? माणूस जन्मभर बायकोचं ऐकत नाही म्हणून बोलणी खातो, आणि एकदा, अहो एकदाच ऐकलं, तर अख्खं गाव माझ्याकडे असं बघतंय जसा काही मी कुणाचा गळाच दाबलाय! म्हणजे... दाबलाय. तसं धरलं तर दाबलाच की. पण मुद्दाम नाही हो! मी काय केलं? आवरलं. फक्त आवरलं!

तुम्हाला सांगतो, सुरुवात शोनाने केली. शोना म्हणजे माझी बायको. नाताळला तिची बहीण यायची होती मेलबर्नहून, आणि ही बहीण आली की आमच्या घराची तपासणी होते, पलंगाखालीसुद्धा वाकून बघते बाई. तर शोना म्हणाली, "कॉलिन, मागची शेड आवर. त्यात गवत कापायचं यंत्र मावत नाही, मी मावत नाही, आणि एक दिवस तूही मावायचा नाहीस." आता शेडमध्ये काय होतं? जुने कॉम्प्युटर, वायरी, आणि सीड्या. खोकंच्या खोकं भरून सीड्या! कारण मला एक छंद आहे. छंद म्हणा, खोड म्हणा, शोना तिसराच शब्द वापरते. जी सॉफ्टवेअरं आता कुठेच मिळत नाहीत, ज्यांच्या कंपन्या बुडाल्या, करणारे म्हातारे झाले नाहीतर वर गेले, ती मी सांभाळून ठेवतो आणि माझ्या वेबसाइटवर टाकतो. कुणीही यावं, लिंकवर बोट ठेवावं, डाउनलोड करून घ्यावं, आभारसुद्धा मानू नयेत. मानतात मात्र! फिनलंडच्या एका गृहस्थाने तर मला पत्र लिहिलं होतं, त्याचा जुना प्रिंटर माझ्यामुळे पुन्हा चालू झाला म्हणून. ते पत्र मी शोनाला नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवलं. बऱ्याचदा दाखवलं. शेवटी ती टोस्ट घेऊन बाहेर जाऊन बसायला लागली.

तर मी शेड आवरली. कॉम्प्युटर नेऊन टाकले कचरा डेपोवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात. सीड्यांचं खोकं उचललं आणि दिलं ग्लेनिसला. रस्त्याच्या टोकाला ग्लेनिसची चेरीची बाग आहे, आणि चेरी लाल व्हायला लागली की आमच्याकडचे पोपट म्हणजे ते रोझेला, असे तुटून पडतात की काही विचारू नका. ग्लेनिस झाडाझाडाला सीड्या टांगते. वाऱ्यावर त्या फिरतात, चमकतात, पाखरं बिचकतात. मी म्हटलं, "घे ग्लेनिस, टांग हव्या तेवढ्या! मला काय करायच्यात? सगळं वेबसाइटवर आहे."

इथवर ठीक. इथवर मी देवमाणूस आहे! शेजारीण खूष, बायको खूष, गवताचं यंत्र शेडमध्ये झोपलंय. इथे थांबायचं की नाही माणसाने? पण आवरायची एक झिंग असते हो. ड्रॉवर झाला की कपाट दिसतं, कपाट झालं की माळा. मी चहा घेतला आणि वेबसाइट आवरायला बसलो. आत काय फोल्डर! 'नवीन'. 'नवीन नवीन'. 'खरोखर नवीन'. 'हे उडवू नकोस'. मी त्या 'हे उडवू नकोस'कडे बघितलं आणि म्हटलं, हे कुणी लिहिलं? मीच. का लिहिलं? आठवेना. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात जो विचार आला ना, तो काचेच्या बरणीत घालून शाळेत ठेवायला पाहिजे, पोरांना दाखवायला. मनात आलं, 'उडव बिनधास्त. सीड्या आहेतच की शेडमध्ये!'

हसा. हसा! वेबसाइटवर आहे म्हणून सीड्या दिल्या, आणि सीड्या आहेत म्हणून वेबसाइटवरून उडवलं. एका दिवसात! एकाच डोक्याने! आणि वर पानांचे पत्ते बदलले, नावं सुटसुटीत केली, म्हणजे जे उडवलं नव्हतं त्याच्याही लिंक तुटल्या. आणि सगळ्यात वर, कळस म्हणून, हरवलेल्या पानाच्या जागी एक मजेशीर पाटी लावली. वॉम्बॅटचा, म्हणजे आमच्याकडच्या त्या छोट्या अस्वलासारख्या गुबगुबीत जनावराचा फोटो, पाठमोरा, भला मोठा पार्श्वभाग, आणि खाली अक्षरं: 'वाट चुकलास, गड्या! पत्ता नीट टाकलास का?' मला स्वतःला इतकं हसू आलं, मी शोनाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान," आणि गेली. मी काय केलं होतं? आवरलं होतं. फक्त आवरलं होतं!

आता नेव्हचं सांगतो. नेव्ह पास्को. हा माणूस पूर्वी गुरामेंढरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, आणि त्याचा आवाज... अहो, ह्युऑन नदीच्या या काठावर नेव्हने बोली पुकारली की त्या काठावरची मेंढरं माना वर करायची! पुढे घशाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी जीव परत दिला आणि आवाज ठेवून घेतला. तेव्हा मी त्याच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं, 'कुकाबरा' नावाचं, आमच्याकडच्या त्या खो खो हसणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून. ॲडलेडच्या कुणा माणसाने घरी बसून केलेलं. आपण टाइप करायचं, ते बोलतं. त्यातल्या आवाजाला त्याने नाव दिलं होतं, रेग.

हा रेग कसा बोलतो ते ऐका. नको तिथे थांबतो, आणि वाक्य संपलं की वर चढतो, जसं काही प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारतोय. "मर्ल... चहा. टाकतेस?... का?" मर्ल म्हणजे नेव्हची बायको. सॉसेज त्याला कधी एका दमात म्हणता आलं नाही. "सॉ... सेज?" पहिले काही दिवस लोक हसले. मग काय झालं, त्यांना सवय झाली, आणि मग रेग आणि नेव्ह असे दोन राहिलेच नाहीत. दर शुक्रवारी आमच्या बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात मटणाची सोडत असते, तिकिटं घ्यायची, नंबर लागला की चॉप्स आणि सॉसेज भरलेला ट्रे घरी न्यायचा, आणि नंबर कोण पुकारणार? नेव्ह! जन्मभर पुकारत आलेला माणूस, तो काय गप्प बसणार? "तिकीट... हिरवं?... ज्याचं आहे. त्याने... जागं व्हावं?" अख्खा क्लब टाळ्या वाजवायचा. आणि दर रविवारी त्याची नात टिली डार्विनहून फोन करायची. पाच वर्षांची पोरगी. तिने आजोबांचा दुसरा आवाज कधी ऐकलेलाच नाही. तिच्यासाठी आजोबा म्हणजे रेगच.

आणि हा नेव्ह लॅपटॉप घेऊन मासे पकडायला जातो! का? तर सील येऊन गळाचा मासा पळवतात, आणि त्यांना शिव्या द्यायला आवाज लागतो! होडीत बसून टाइप करणार, रेग शिव्या देणार, सील बघत राहणार. मी आवरल्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सीलने जरा मोठाच मासा पळवला, नेव्ह शिवीही तशीच मोठी टाइप करायला उठून उभा राहिला, होडी कलली, आणि लॅपटॉप ह्युऑनच्या तळाशी गेला.

दुसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप काखेत मारून माझ्या दारात. हसतोय! बियरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती असते ना, तिच्यावर लिहून आणलेलं: 'रेगला घाल यात. शुक्रवारी सोडत आहे.' मी म्हटलं, "ये की! दोन मिनिटांचं काम! सगळं वेबसाइटवर आहे!" आणि त्याच्यासमोर, माझ्याच वेबसाइटवर, माझ्याच लिंकवर, माझंच बोट ठेवलं.

वॉम्बॅट.

पाठमोरा. 'वाट चुकलास, गड्या! पत्ता नीट टाकलास का?'

नेव्ह हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी पुन्हा दाबलं. पुन्हा वॉम्बॅट. तुम्हाला सांगतो, इतका मोठा पार्श्वभाग मी जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं, "एक मिनिट हं," आणि शेडकडे धावलो. शेड कशी होती? स्वच्छ! चकचकीत! गवताचं यंत्र आणि मी, आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. सीड्या ग्लेनिसकडे. झाडावर. उन्हात. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

आता खरं म्हणजे तिथून सरळ ग्लेनिसकडे जायचं की नाही? नाही गेलो. का नाही गेलो? लाज! ग्लेनिसला एक गोष्ट सांगितली की खोऱ्यात वर्तमानपत्र लागत नाही. जन्मभर 'मी जपून ठेवतो, मी सांभाळतो' म्हणून मिरवलेला माणूस मी, आणि मीच ते पाखरं हाकायला झाडाला टांगलं, हे कुणाला सांगू? शिवाय उन्हात सीडी टिकत नाही, गेलंच असणार सगळं, मग उगाच कशाला बोभाटा? असं मी स्वतःला समजावलं. मी परत आलो आणि नेव्हला म्हटलं, "लिंक तुटली आहे. असं होतं इंटरनेटवर. शोधून काढतो." नेव्हने चकतीवर लिहिलं, 'चालेल रे. सावकाश.' आणि माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. अहो, त्याने शिवी लिहिली असती तर मला रात्री जेवण तरी गेलं असतं!

मग मी शोधायला लागलो. अख्खं जग पालथं घातलं. एका जर्मन माणसाच्या पानावर कुकाबराचं नाव सापडलं. जीव भांड्यात पडला. खाली लिंक. दाबली... वॉम्बॅट! त्याने माझ्याच पानाची लिंक दिली होती! कॅनडात एक मंडळ होतं, त्यात कुणी तरी विचारलेलं, "कुकाबरा कुठे मिळेल?" आणि खाली उत्तर, "टास्मानियात कॉलिन म्हणून एक आहे, त्याच्याकडे सगळं असतं, फार भरवशाचा माणूस." भरवशाचा! दाबली लिंक. वॉम्बॅट. जपानी पान, एक अक्षर कळत नाही, तिथेही शेवटी तोच, पाठमोरा. जगातले सगळे रस्ते माझ्या दारात येत होते, आणि दारात मीच ते जनावर बसवलेलं. एका ठिकाणी 'डाउनलोड' लिहिलेली हिरवीगार बटणं होती, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, म्हटलं एखादं तरी खरं असेल. एक दाबलं. तेव्हापासून माझा कॉम्प्युटर सुरू केला की एक बाई पोट कमी करायच्या गोळ्या विकते.

मग ॲडलेडच्या त्या कर्त्याला पत्र पाठवलं. परत आलं, असा पत्ता नाही म्हणून. जुना फोन नंबर शोधला, लावला. उचलला एका मुलीने, आणि मला बोलूच देईना. "बोला काका, पूडल की लॅब्राडोर?" मी म्हटलं, "नाही, मला कुकाबरा..." ती म्हणाली, "पक्षी नाही घेत आम्ही. फक्त कुत्रे. अंघोळ, नखं आणि कान." मी म्हटलं, "अहो, आवाज हवाय मला!" ती म्हणाली, "भुंकत नाहीये का तो? मग डॉक्टरकडे न्या, काका," आणि ठेवला फोन.

शुक्रवार आला. मी नेव्हला नवं सॉफ्टवेअर घालून दिलं, आजकालचं, महागातलं. त्यातला आवाज काय सांगू! रेशमी. कुठे अडखळत नाही, कुठे चढत नाही, आणि सॉसेज तर असं म्हणतो की ऐकूनच भूक लागावी. मी म्हटलं, "बघ नेव्ह, रेगपेक्षा कितीतरी सरस!" नेव्हने मान हलवली. सोडत सुरू झाली. तो गुळगुळीत आवाज बोलला, "सभ्य स्त्रीपुरुषहो, हिरवं तिकीट." आणि क्लबात शांतता. विमानतळावर सामान हरवल्याची सूचना ऐकल्यावर पसरते ना, तशी. ज्या बाईचा नंबर लागला होता ती उठलीच नाही, तिला वाटलं टीव्हीवर चाललंय काहीतरी. नेव्हने पुढचे नंबर फळ्यावर खडूने लिहिले आणि घरी गेला. बियर अर्धी तशीच ठेवून गेला हो! नेव्ह! टेबलावरचा तो ग्लास आवरायला माझा हात पुढे झाला आणि मीच तो मागे घेतला.

आणि मग रविवार. मी त्यांच्या घरीच होतो, त्या रेशमी आवाजाला जरा खडबडीत करता येतं का ते बघायला गेलेलो. फोन वाजला. मर्लने स्पीकरवर टाकला. "आजोबा!" नेव्हने टाइप केलं. आवाज म्हणाला, "हॅलो टिली, कशी आहेस, बाळा?" अगदी गोड म्हणाला. ती पोरगी म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय? आजोबांना द्या ना." नेव्हने टाइप केलं, 'मीच आजोबा.' ती रडकुंडीला आली. "तुम्ही नाही आजोबा! तुम्ही बातम्यांतले काका आहात! आजोबा कुठे आहेत?" आणि आईला हाका मारत फोन टाकून पळाली.

नेव्हने लॅपटॉप मिटला. हळूच मिटला. चकती खिशातच राहिली. उठून अंगणात गेला, आणि तिथे करायला काही नव्हतं तर उगाच नळ सोडून उभा राहिला.

मर्ल मला म्हणाली, "कॉलिन, घर फार शांत झालंय रे. सकाळी तो मला चहा मागायचा ना, मी चिडायचे, म्हणायचे त्या रेगला बंद कर आधी. आता मी आपणहून करून देते आणि दोघं बसून पितो. आवाज नाही की काही नाही." मी म्हटलं, "मर्ल, ती लिंक तुटली ना, म्हणून..." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुटली, की तोडलीस?" आणि वर, निघताना माझ्या हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली! मुरंबा! अहो, कानाखाली वाजवायची होती तिने! तो मुरंबा घेऊन मी गाडीत बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? आलं. मी काय केलं होतं, आवरलं होतं फक्त. पण कुणाचं आवरलं? एका माणसाचा आवाज केर समजून काढून टाकला मी.

गाडी सरळ ग्लेनिसच्या बागेत घातली. लाज गेली खड्ड्यात.

ग्लेनिस शिडीवर होती, तोंडात चेरी. मी खालून सगळं सांगितलं, एका दमात. शेड, वेबसाइट, वॉम्बॅट, रेग, टिली. म्हटलं, "मला माझ्या सीड्या परत दे. मी काही वाईट हेतूने नव्हतं केलं गं! आवरलं, फक्त आवरलं!" ती शिडीवर इतकी हसली की मी शिडी धरली. मग बिया थुंकून म्हणाली, "आत्ता? तोडणीच्या आठवड्यात? वेडा की काय तू! सीड्या काढल्या तर ते रोझेला चहापर्यंत झाडं साफ करतील. तोडणी झाली की ने."

"ग्लेनिस, नेव्हची नात रडतेय गं!"

ती म्हणाली, "अस्सं. मग एक कर. मी काढते सीड्या. पण तोवर पाखरं तू हाकायचीस."

आणि तुम्हाला सांगतो, मी, ज्याला फिनलंडहून पत्रं येतात तो मी, एका हातात तवा आणि एका हातात पळी घेऊन चेरीच्या रांगांतून धावत होतो! ढण् ढण् ढण्! "हूश! हाड! उडा!" या टोकाला गेलो की ते पोपट त्या टोकाला, त्या टोकाला गेलो की या टोकाला. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवत होती. क्लबचा खजिनदार तर गाडी थांबवून, काच खाली करून बराच वेळ बघत बसला. आणि वर शिडीवरून ग्लेनिस येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगतेय, "काही नाही! कॉलिन आवरतोय! फक्त आवरतोय!"

सीड्या मिळाल्या. पण त्यांच्यावरची अक्षरं? मी जांभळ्या पेनाने सुवाच्य नावं घातली होती, ती उन्हाने पुसून कोरी! आणि त्या लावून बघायच्या कुठे? नव्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते, आणि माझे जुने कॉम्प्युटर तर मीच... बरोबर. कचरा डेपोवरच्या दुकानात गेलो. तिथल्या ब्रेंडनने मला दारातच पाहिलं आणि न विचारता माझाच कॉम्प्युटर फळीवरून काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "आवरून झालं वाटतं?" ग्लेनिसची बातमी माझ्या गाडीच्या पुढे पोचलेली!

घरी एकेक सीडी लावून बघितली. ही वाचत नाही. ही पण नाही. ही चालली, पण तिच्यात इटालियन शिकायचे धडे. ही खरवडलेली, कुठल्या तरी पाखराने चोच मारून बघितलेली, बुजगावणं खाता येतं का ते. शोना दारात उभी होती. तिने चहा आणून ठेवला, आणि तोही गोड, मी सोडलेली साखर घालून. म्हणजे माझी दशा काय झाली असेल बघा. खोकं तळाला आलं. शेवटी एक सीडी राहिली, जी ग्लेनिसने पाण्याच्या टाकीमागच्या म्हाताऱ्या झाडाला टांगली होती. त्या झाडाला चेरी लागत नाही, पण 'त्यालाच बिचाऱ्याला का वगळा' म्हणून तिने एक टांगलेली. सावलीत. तिच्यावर अर्धं नाव उरलेलं: 'कुका'.

घातली. घरघर. घरघर. थांबली. पुन्हा घरघर... आणि मग त्या जुनाट स्पीकरमधून, "नमस... कार? मी... रेग?"

मी त्या यंत्राचा मुका घेतला. शोनाने पाहिलं. पाहू दे.

पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि मी तसाच नेव्हच्या घरी पळालो, लॅपटॉपमध्ये घालून दिलं. मर्लने लगेच डार्विनला फोन लावला, पण टिली काही बोलायला येईना, मागून "मला नाही त्या काकांशी बोलायचं!" ऐकू येत होतं. नेव्हने टाइप केलं. "टि... ली? सीलने माझा. लॅपटॉप... खाल्ला?" पलीकडे धपाधपा पावलं वाजली आणि फोनमध्ये किंकाळी, "आजोबाऽऽ! कुठे गेला होतात तुम्ही?" मर्ल स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागली. मी बाहेर गेलो. नळ तेवढा बंद केला, ठिबकत होता तो.

शुक्रवारी क्लब गच्च. मी मागच्या टेबलावर, मान खाली घालून. नेव्ह उठला, लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं. या कुकाबरात नेहमीची वाक्यं एकेका बटणावर ठेवता येतात, पहिल्या बटणावर पूर्वी त्याचं 'एक बियर' असायचं. त्याने ते पहिलं बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं, आणि रेग म्हणाला, "मी. काय... केलं? आवर... लं? फक्त... आवर. लं?"

छप्पर उडालं हो क्लबाचं! आणि मेला ते दर नंबरामागे दाबत होता. "तिकीट... पिवळं?" दाब. "सॉ... सेज?" दाब. मी हसलो. काय करणार? असा कोरडा, नको तिथे थांबणारा, चुकीच्या ठिकाणी वर चढणारा आवाज, आणि तो मला चिडवतोय. मला वाटलं, चिडव बाबा. जन्मभर चिडव.

आता शेवटचं सांगतो आणि गप्प बसतो. ती सीडी आता कधीही मान टाकेल अशी होती, म्हणून मी ताबडतोब कुकाबरा परत वेबसाइटवर चढवलं. नेव्हच्या लॅपटॉपवरूनच घेतलं, अख्खं फोल्डर, जसंच्या तसं, काही निवडलं नाही, काही गाळलं नाही, शिकलो ना धडा! वॉम्बॅट काढला, सगळ्या लिंक जोडल्या, एकेक दाबून बघितली. जर्मनाला कळवलं, कॅनडाच्या मंडळाला कळवलं, लोक धडाधड डाउनलोड करायला लागले. मन कसं हलकं झालं. आणि परवा फिनलंडहून पत्र. तोच प्रिंटरवाला. लिहितो, 'कुकाबरा उत्तम चालतं, आजारी मावशीला घालून दिलं, ती फार खूष आहे. फक्त एक विचारायचं होतं. पहिलं बटण दाबलं की मावशी इंग्रजीत कुणाची तरी माफी मागते, म्हणते मी फक्त आवरलं. हे काय आहे?'

नेव्हची बटणं! त्या फोल्डरात होती! कॅनडात, जर्मनीत, जपानात, जो कुणी आवाज गमावून बसलाय तो पहिलं बटण दाबतो आणि माझं पाप बोलून दाखवतो!

शोना म्हणाली, "अरे, एवढीशी फाइल ती, काढून टाक की."

मी म्हटलं, "नाही बाई. त्या वेबसाइटवर आता मी काहीही आवरणार नाही."